भाऊजी, इंजिन उघडून पाहिलं

भाऊजी,

काल तुमची मोटरसायकल सुरू झाली. मुन्ना मिस्त्रीने ती सडक अर्जुनीहून स्वतः चालवत आणली, तलावाच्या पाळीवरच्या रस्त्याने, आणि अंगणात उभी केली. आवाज ऐकून शेजारपाजारची माणसं दारात आली. कोणीतरी म्हणालं, "भाऊच आले असं वाटलं." मलाही वाटलं, आणि म्हणूनच मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मुन्नाने हॉर्न वाजवला, परत वाजवला, तेव्हा हात पुसत आले.

सगळ्यांचा समज असा की मी तुमची आठवण म्हणून गाडी दुरुस्त करून घेतली. सुहासने तर तेरावं आटोपल्यावर लगेच म्हटलं होतं, "आई, भंगारात दे ती. चेंबर फुटलंय, एवढी जुनी गाडी, काय उरलंय तिच्यात?" त्याचं काही चुकत नव्हतं. मी नको म्हणाले आणि कारण सांगितलं नाही. आई हळवी झाली असं धरून तोही गप्प बसला. पण तुम्ही मला ओळखता. वस्तू कुरवाळत बसणारी बाई मी नव्हे. तुमचे सदरे, छत्री, चिखलातले बूट, सगळं मी देऊन टाकलं, तास संपल्यावर फळा पुसावा तसं.

मला गाडी चालायला हवी होती असंही नाही. मला तिचं इंजिन उघडलेलं पाहायचं होतं. एकच गोष्ट कळायला हवी होती: ती चेन आपल्या रेवाच्या हातामुळे निसटली का?

रेवा आणि आदित्य या नातवंडांसाठी मी अधूनमधून लिहीत असते, इथल्या गोष्टी त्यांना कळाव्यात म्हणून. हेही तेच दोघं वाचतील. पण आज बोलायचं आहे ते तुमच्याशी.

जे घडलं ते थोडक्यात असं. नाताळच्या सुट्टीत रेवा नेदरलँडहून आली होती. परत जायच्या आदल्या दिवशी तिने तुमच्या गाडीची ढिली झालेली चेन टाईट केली. संक्रांत झाली, पुढे काही दिवस गेले आणि बाजारातून परत येताना पाळीवर ती चेन निसटली. पुढच्या दातेरी चक्रात गोळा झाली, इंजिनाच्या आवरणाचा, म्हणजे त्या चेंबरचा, टवका उडवला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. तुम्ही शेताच्या बाजूला पडलात. लोक म्हणाले, नशीब, तलावाच्या बाजूला नाही पडले. खुबा मोडला. मग दवाखान्यात छातीत कफ भरला आणि आम्ही तुम्हाला घरी आणलं ते शेवटचंच.

गावाने त्यात कोणाचा दोष पाहिला नाही. वय झालेलं, गाडी म्हातारी, रस्ता तसला. पण तिकडे परक्या देशात एक पोरगी तेव्हापासून सायकलवर बसलेली नाही. तिथे सगळं गाव सायकलवर फिरतं म्हणे, आणि ही पायी कॉलेजला जाते, उशिरा पोचते. तिच्या आईने मला हे हळूच सांगितलं. जेवणाचंही सांगितलं. ते तुम्हाला सांगत नाही.

तिचा फोन येई तेव्हा सुरुवात माझ्या गुडघ्यापासून व्हायची.

"आजी, गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच आहे."

"आजी, चेन तुटली होती की उतरली होती?"

"मला काय कळतं गं त्यातलं."

"जास्त टाईट असली की होतं असं. मी वाचलंय."

"नको वाचत बसू तसलं."

"तिला शेवटचा हात माझा लागलाय, आजी."

मी म्हणायचे, इंजिन उघडू दे, मग कळेल. तिला वाचू नको म्हणायचे आणि फोन ठेवला की चष्मा लावून मीच वाचत बसायचे. चेन फार ताणलेली असेल तर काय झिजतं, काय फुटतं, कुठून तेल गळतं. त्यातलं निम्मं कळायचं नाही आणि जे कळायचं ते परत पहिल्यापासून वाचायचे.

त्या दिवशीचं अंगण मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही खाटेवर, चहा बशीत ओतून. रेवा खाली मातीत बसलेली, हातात पाना, आणि समोर विटेला टेकवून ठेवलेला फोन, त्यात कुणीतरी चेन कशी ताणायची ते दाखवत होतं.

"फोनले विचारून राहिली का वं? गाडी माझी, मले विचार."

"लहान आबा, तुम्ही सांगता 'अंदाजे'. अंदाजे म्हणजे किती?"

"अंदाजे म्हणजे अंदाजे. आजीवानी झाली तू. ते मीठबी चमच्यानं मोजते."

मी आतून म्हटलं, "म्हणून तर तुम्हाला रोज सारखी चव मिळते, भाऊजी."

"मिळते जी वयनी. रोज सारखीच कमी मिळते."

रेवा इतकी हसली की पाना हातातून पडला. मग तिने बोटाने चेन वरखाली करून पाहिली, दोन्ही बाजूंच्या खुणा बरोबर आहेत ना ते पाहिलं, परत फोनकडे पाहिलं. ती कामात नीटनेटकी आहे, तुम्हीही म्हणायचात. आणि मग ती म्हणाली, "पण काय चकाचक ठेवलीय चेन! एक ठिपका गंजाचा नाही." तुमचा चेहरा असा फुलला की पुरस्कारच मिळाला. "मंग? दर हप्त्याले तेल पाजतो तिले," तुम्ही म्हणालात. ती चेन खरंच चकाकत होती. मीही पाहिली. मला तेव्हा वाटलं, एवढी काळजी भाऊजी माणसांची घेत नाहीत.

हे मी नुसतं लिहून गेले. माणसांची काळजी तुम्ही घेत होतात, त्याचं पहिलं उदाहरण मीच.

तुमचे दादा गेले तेव्हा माझी नोकरी शिल्लक होती. शाळा सडक अर्जुनीला, एसटीची वेळ शाळेशी जुळत नव्हती. सुतकाचे दिवस सरले आणि मी विचार करत बसले की रजा वाढवावी की राजीनामा द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गाडी काढून दारात उभे. "चला जी वयनी. पोट्टे वाट पाहून राहिले असतील तुमच्या इंग्रजीची." तेव्हापासून मी निवृत्त होईपर्यंत, धुकं असो की चिखल, तुम्ही मला नेलंत आणि आणलंत. मी मागे एका बाजूला बसायची, मांडीवर वह्या, एका हाताने सीटची कडी धरलेली. तुम्ही प्रत्येक पानठेल्यावर थांबायचात, मी प्रत्येक वेळी घड्याळ दाखवायची. शाळेच्या फाटकाशी उतरवताना तुमचं ठरलेलं वाक्य असायचं: "उतरा, आली तुमची लंडन." पोरं हसायची. मी रागवायची. घरची शेती, धानाची रोवणी, सगळं तुमच्याच अंगावर होतं. सकाळचा तो वेळ तुम्ही कुठून काढत होतात हे मी कधी विचारलं नाही. आभारही मानले नाहीत. दिरांचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही, आणि मी मानले असते तर तुम्ही ते इंग्रजी म्हणून हसण्यावारी नेले असते.

आपलं भांडण व्हायचं ते त्याच गाडीवरून. मी म्हणायची, चेनला लावायचं तेल दुकानात वेगळं मिळतं, ते आणा. तुम्ही म्हणायचात, "बापाच्या बैलगाडीच्या आसाले जनमभर घरचंच तेल होतं. मोडला का कधी आस?" मी म्हणायची, बैलगाडी आणि मोटरसायकल एक नाही. तुम्ही म्हणायचात, "फिरणारं लोखंड ते लोखंड. तुमच्या इंग्रजीनं ते बदलते का?" मागच्या खेपेला रेवाने चेनसाठी फवारायचा डबा आणून दिला होता. तुम्ही तो कौतुकाने घेतलात आणि गोठ्याच्या दाराच्या बिजागऱ्यांवर, विहिरीच्या गडगडीवर संपवून टाकलात. विचारलं तर म्हणे, "एवढी महागाची चीज चेनवर कायले वाया घालवाची? तिले घरचं चालते." हा वाद कधी संपला नाही. संपायची घाई कोणाला होती? तुम्ही जाणार आहात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता दवाखान्याचं लिहिते. हे लिहावं की नाही याच्यात माझे बरेच दिवस गेले.

दुपारची वेळ होती. सुहास औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही डोळे उघडलेत. आवाज बसला होता, पण शुद्ध पक्की होती.

"वयनी, एक गोष्ट आयकजा."

"बोला."

"पोट्टीनं चेन जरा जास्तच आवरली होती. मले चालवतानी समजून राहिलं होतं. गाडी ओढे. मोकळी चालतच नव्हती."

मी तुमच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मनात आलं होतं, ढिली करून घ्यावं. मंग म्हटलं, एवढ्या हौसेनं केलं पोरीनं, कायले हात लावाचा." मग तुम्ही म्हणालात, "तिले सांगू नोका."

"नाही सांगणार."

"असं नाई. शपथ घ्या तुमच्या इंग्रजी देवाची."

"माझा देव मराठीच आहे, भाऊजी."

"मंग त्याची घ्या."

तुम्ही हसायला गेलात आणि खोकल्याची उबळ आली. मी तुमचा हात धरून शपथ घेतली. त्यानंतर आपलं धड बोलणं झालं ते एवढंच.

म्हणून रेवाचा फोन आला की मी तो लगेच उचलत नसे, भाऊजी. ती गाडी तुमच्याइतकी कोणाला कळत नव्हती. तुम्ही म्हणालात चेन ताणलेली होती, म्हणजे असणारच. मग रेवाला मी जन्मभर खोटं सांगत राहायचं होतं. वर्गात पोरांनी खोटं बोललेलं मला डोळ्यांवरून कळायचं. माझं खोटं त्या पोरीला आवाजावरून कळलं नसतं का? आणि तरीही मी ठरवत होते की खोटंच सांगायचं. मग पुन्हा वाटायचं, आधी बघू तर द्या. कदाचित तुमचं चुकलं असेल. तुमचं चुकलेलं असावं म्हणून मी देवाला हात जोडत होते.

मुन्नाने मात्र अंत पाहिला. आधी म्हणाला, "मॅडम, चेंबर जुन्या बाजारातून दुसरं आणून टाकून देतो, झंझट खतम." मी म्हटलं, इंजिनाचा नंबर त्याच चेंबरवर कोरलेला असतो, तो बदलला की कागदपत्रं चुकतील, आहे त्यालाच जोड दे. मग म्हणाला, अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग इथे होत नाही, गोंदियाला पाठवावं लागेल. पाठव म्हटलं. पण पाठवायच्या आधी इंजिन उघडशील तेव्हा मला बोलाव. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "इंजिन में क्या देखना है मॅडम? दिल का ऑपरेशन है क्या?"

"असंच समज."

"कल पक्का," म्हणाला. त्याचा तो उद्या काही उजाडेना. कधी लग्नसराई, कधी कोणाचा ट्रॅक्टर बंद पडलेला. मी एसटीने जायची, हायवेवरच्या ट्रकांची धूळ खात त्याच्या दुकानासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि परत यायची. शेवटी तो कंटाळला आणि उघडायला बसला.

तो नट सोडवत होता आणि मी खुर्ची पुढे ओढून बसले होते. मी वाचलेलं होतं ना: चेन फार ताणलेली असली की ती इंजिनातून बाहेर येणाऱ्या दांड्याला सारखी ओढत राहते, आणि तो दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो ते बेअरिंग खराब होतं. म्हणजे रेवाचा दोष असला तर तो त्या बांगडीएवढ्या लोखंडी वस्तूत लिहिलेला असणार होता. मुन्नाने ती काढली, पेट्रोलमध्ये धुतली, फडक्याने पुसली, बोटात घालून फिरवली. ती फिरत राहिली. आवाज नाही, अडखळणं नाही.

"देखो. मक्खन."

"परत फिरव."

त्याने फिरवली.

"कानाजवळ धर माझ्या."

"मॅडम, चेन कसी हुई रहती तो ये ऐसे बजता जैसे डिब्बे में चने. कुछ नहीं हुआ इसको."

"एकदा परत."

"अब इसकी शादी कर दूँ क्या मॅडम?" तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून तो गडबडला, चहा सांगायला उठला. मी त्याच्या खुर्चीवर बसून राहिले. तुमच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा लोकांसमोर रडले ती एका बेअरिंगपायी.

पण मन लगेच दुसरं धरून बसलं. ताण नव्हता, तर मग गाडी ओढत का होती? तुम्हाला भास झाला नसणार. मी मुन्नाला विचारलं, जुनी चेन कुठे आहे? त्याने कोपऱ्यातल्या पोत्यातून काढून दाखवली. भाऊजी, चेन हातात धरली की ती खाली लोंबायला पाहिजे ना? ही लोंबेना. वाळलेल्या वेलासारखी जिथे वाकली तिथे तशीच राहिली होती. कड्यांच्या सांध्यांत पिवळट, चिवट काहीतरी भरलेलं, त्यात धानाचा कोंडा आणि धूळ. वरून मात्र अजून चकाकत होती.

"सूख गई है," मुन्ना म्हणाला.

"पण तेल तर ते दर आठवड्याला घालत होते."

"कौन सा तेल? ये तो गोंद है."

मी ती नाकाशी नेली आणि मला आमची शाळा आठवली. मे महिन्याच्या सुट्टीत दारं-खिडक्या रंगवून घ्यायचो, रंगारी रंगात तेल मिसळायचा, जून उजाडला तरी वर्गांना तो वास असायचा. जवसाच्या तेलाचा. रंगारी ते मुद्दाम घालतात, कारण ते वाळतं आणि त्याचा पापुद्रा धरतो.

आणि आपल्या घरचं तेल म्हणजे जवसाचंच. धान कापून झालं की त्याच ओलीवर तुम्ही जवस पेरायचात, तेलघाण्यावरून तेल काढून आणायचात, एक डबा माझ्या स्वयंपाकघरात आणि एक विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत. त्या दुसऱ्या डब्याने चेनचं काय केलं ते मला त्या दुकानात, ती चेन हातात असताना समजलं. बैलगाडीच्या जाड आसाला ते चाललं असेल. चेनच्या बारीक सांध्यांत ते दर आठवड्याला एकावर एक वाळत गेलं आणि तुम्हाला वाटत राहिलं की चेन चमकते आहे.

तरी माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वासावरून मी निकाल लावणार नव्हते. घरी आले आणि दोन डब्यांची झाकणं घेतली. एकात आपलं जवसाचं तेल, दुसऱ्यात मशीनचं. दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवली, वर कोंड्याची चिमूट टाकली, कावळ्यांनी ओढू नयेत म्हणून कडेला दगड लावले. रोज सकाळी जाऊन बोट लावून पाहायची. मशीनचं तेल होतं तसं राहिलं. जवसाचं आधी दाटलं, मग बोटाला चिकटू लागलं, मग त्याच्यावर साय धरली, आणि एके सकाळी झाकण उलटं केलं तरी खाली थेंब पडला नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तेलाचीबी परीक्षा घेऊन राहिल्या का जी?" घेतली, भाऊजी. ती मुलगी माझ्या "मला वाटतं"वर सुटणार नव्हती.

जी कडी वाकत नाही ती चक्राच्या दातांत बसत नाही. वर चढते आणि निसटते. तुम्हाला जाणवत होती ती ओढ त्या आखडलेल्या कड्यांची होती. रेवाच्या पान्याची नव्हती. मुन्ना तर म्हणाला, ती चेन ढिली राहिली असती तर आधीच उतरली असती. पोरीने टाईट केली म्हणून एवढे दिवस तरी टिकली. मला बरं वाटावं म्हणूनही तो म्हणाला असेल. ते मी रेवाला सांगितलं, पण ते मुन्नाचं मत आहे असं सांगून.

बाकी सगळं तिला नीट दाखवलं. मुन्नाकडून बेअरिंग आणि चेन मागून आणली होती. फोन समोर धरून आधी बेअरिंग फिरवून दाखवलं, मग चेन उचलून, मग ती दोन झाकणं. ती एकटक पाहत होती. मग तिने विचारलं, कडी नुसत्या हाताने वाकते का. मी वाकवून दाखवायला गेले, वाकली नाही. "आणखी जोर लाव, आजी." लावला. तरी नाही. तिने तोंडावर हात घेतला. मी म्हटलं, "रेवा, तुझं काही चुकलेलं नाही. आता हे मनातून काढ."

तिने मान हलवली. मला वाटलं, सुटलो दोघी. आणि तेवढ्यात तिने विचारलं, "आजी, लहान आबांना हे कळलं होतं का? म्हणजे... त्यांना काय वाटत होतं, कशामुळे झालं?"

ती वाट पाहत होती. मी म्हटलं, "मी तुला लिहून कळवते." एवढ्यावरून तिला काय कळायचं ते कळलं असेल, अशी भीती तेव्हापासून माझ्या जिवाला आहे.

तिला मी सांगू शकते की लहान आबांना काहीच वाटत नव्हतं, ते शुद्धीतच नव्हते. ती मानेल. माझी शपथ पाळली जाईल. कालपासून, अंगणात गाडी उभी राहिल्यापासून मी हाच विचार करते आहे. तुम्ही शपथ घ्यायला लावलीत ती त्या पोरीवर दोष येऊ नये म्हणून. आता दोष उरलाच नाही. उरली आहे ती एवढीच गोष्ट, की तिच्या हातून चूक झाली अशी तुमची खात्री होती आणि खुबा मोडून पडलेले असताना तुम्हाला काळजी होती ती तिची. मी गप्प बसले तर त्या मुलीपासून मी तेवढंच लपवीन.

तुमचं चुकलं होतं, भाऊजी. हे तुमच्या तोंडावर सांगायला मिळालं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं. तुम्ही ऐकलं नसतं. "घरचं तेल वाईट कसं होईन?" म्हणून तणतणला असता, पण आत कुठेतरी तुमचा जीव हलका झाला असता. तुम्ही त्या पोरीला माफ करून गेलात, आणि माफ करण्यासारखं तिने काही केलेलंच नव्हतं. पडलात ते तुम्ही इतक्या मायेने घातलेल्या तेलामुळे. हे वाक्य तुम्हाला आवडणार नाही आणि गावात मी ते कोणाला सांगणार नाही.

पण रेवाला सांगणार आहे. तुम्हाला दिलेला शब्द मोडते आहे. रागवायचं असेल तर रागवा. तुमचा राग मला नवा नाही, तो जेवणाच्या वेळेपर्यंत टिकत नाही. हे वाचून ती मोकळी होईल की नव्याने रडेल, मला माहीत नाही. दोन्हींची मला धास्ती आहे. वर मी 'भाऊजी' लिहिलं आहे. पण हे पत्र पाठवते आहे तिला.